तेलावर काढलेलं कर्ज आणि कोबाल्टची पोती: वाचकांचे प्रश्न

मागच्या अंकात आफ्रिकेतल्या रेल्वे, खाणी आणि तेलावरून चीन-अमेरिकेची जी ओढाताण चाललीये त्यावर लिहिलं होतं, त्यावर इतकी पत्रं आणि व्हॉट्सॲप मेसेज आलेत की सगळ्यांना उत्तर देणं शक्य नाही. जे प्रश्न परत परत आलेत ते आज घेते.

प्रश्न: ताई, मी बँकेतून रिटायर झालोय, दादरला राहतो. तेलावर कर्ज म्हणजे नक्की गहाण काय असतं? जमिनीतलं तेल कसं गहाण ठेवणार?

उत्तर: काका, तुम्ही बँकवाले, तुम्हाला हे लगेच कळेल. जमिनीतलं तेल गहाण नसतंच, गहाण असतो तेल विकून येणारा पैसा, आणि तोही देशाच्या तिजोरीत पोचायच्या आधी.

अंगोलाचंच घ्या. १९७५ पासून २००२ पर्यंत तिथे यादवी चालली, ती संपली तेव्हा पूल उडालेले, रेल्वे उखडलेली, शेतांत भूसुरुंग, आणि आंतरराष्ट्रीय नाणेनिधीचं म्हणणं की आधी तेलाचा हिशोब नीट दाखवा मग पुढचं बोलू. अशा वेळी २००४ मध्ये चीनच्या एक्झिम बँकेनं २ अब्ज डॉलर देऊ केले आणि तिथून जी पद्धत पडली तिला आता जगभर अंगोला मॉडेल म्हणतात. सोनांगोल ही तिथली सरकारी तेल कंपनी चिनी खरेदीदाराला टँकर भरून तेल देते, खरेदीदार पैसे भरतो ते एका वेगळ्या खात्यात, त्या खात्यावर कर्ज देणाऱ्या बँकेचा ताबा, आधी हप्ता वळता होतो, मग ठरलेली शिल्लक तिथेच राखून ठेवायची, आणि उरलं तर राजधानी लुआंडाला, म्हणजे सरकारला. आपल्याकडे होम लोनचा हप्ता पगाराच्या खात्यातून परस्पर कापतात ना, तसंच, फक्त इथे पगारच मुळात बँकेच्या ताब्यातल्या खात्यात जमा होतो.

कर्जाची रक्कमसुद्धा बहुतेक वेळा अंगोलाच्या हातात येत नाही. काम चिनी कंपनी करते आणि तिचं बिल बँक परस्पर चुकवते. लुआंडाच्या बाहेर किलांबा म्हणून नवं शहर उभं राहिलं ते असंच, रंगीत इमारतींच्या रांगाच्या रांगा, चौकोनी आखलेले रस्ते, शाळा, दुकानांचे गाळे, सगळं तयार, आणि फ्लॅटच्या किमती सव्वा लाख डॉलरच्या पुढे. ज्या देशात बहुतेकांना दोन वेळचं जेवण जुळवताना नाकीनऊ येतात तिथे एवढे पैसे कोण मोजणार? इमारती रिकाम्या पडून राहिल्या, शेवटी २०१३ मध्ये सरकारनं किमती उतरवल्या आणि सवलतीत फ्लॅट दिले तेव्हा कुठे लोक राहायला आले. आज तिथे वस्ती आहे, मुलं शाळेत जातात, म्हणजे सगळं वाया गेलं असं मी म्हणणार नाही, पण ते शहर कुणाच्या गरजेसाठी आखलं होतं हा प्रश्न राहतोच.

खरी गोची होते तेलाचा भाव पडल्यावर. हप्ता डॉलरमध्ये ठरलेला असतो. समजा १ अब्ज डॉलरचा हप्ता आहे, तर १०० डॉलर भाव असताना १ कोटी पिंपं विकून तो फिटतो. २०१४ च्या मध्यापर्यंत भाव १०० च्या वर होता, २०१६ च्या सुरुवातीला ३० च्याही खाली गेला. ३० च्या भावानं तोच हप्ता भरायला ३ कोटी ३३ लाख पिंपं लागतात. त्यात अंगोलाच्या विहिरी जुन्या होत चालल्यात, उत्पादन एकेकाळी दिवसाला १९ लाख पिंपांच्या आसपास होतं ते आता ११ लाखांच्याही खाली आलंय, २०२३ च्या शेवटी तर त्यांनी उत्पादनाच्या कोट्यावरून भांडून ओपेक ही तेल विकणाऱ्या देशांची संघटनाच सोडली. म्हणजे विकायला तेल कमी आणि त्यातलं आधीच वळतं झालेलं जास्त, मग सरकारी दवाखान्यात औषध कुठून येणार. शेवटी २०२४ मध्ये चीननं मान्य केलं की त्या राखून ठेवलेल्या खात्यातून महिन्याला १५ ते २० कोटी डॉलर अंगोलाला काढू द्यायचे. स्वतःच्या तेलाचे पैसे काढायला एका देशाच्या अर्थमंत्र्यांना वाटाघाटी कराव्या लागल्या हे वाचून मला फार वाईट वाटलं होतं.

प्रश्न: मी ठाण्यात कॉलेजला आहे. यूट्यूबवर सगळे सांगतात की चीन मुद्दाम न फिटणारं कर्ज देतो आणि मग बंदर ताब्यात घेतो. हे खरं आहे का?

उत्तर: बंदराचा विषय निघाला की सगळे हंबनटोटाचं नाव घेतात. एक तर ते श्रीलंकेत आहे, आणि तिथेही २०१७ मध्ये ९९ वर्षांच्या लीजचे जे १.१२ अब्ज डॉलर आले ते बंदराच्या कर्जात वळते झाले नाहीत, श्रीलंकेनं ते परकीय गंगाजळी सावरायला वापरले आणि बंदराचं कर्ज होतं तसंच राहिलं. केनियाचं मोम्बासा बंदर आता जाणार अशी बातमी २०१८ पासून फिरतेय, बंदर आजही केनियाकडेच आहे. तेव्हा कर्ज बुडलं की बंदर गेलं, इतकं सरळ ते नसतं.

पण म्हणून चीन अगदी साजूक असंही समजू नकोस. त्रास आहे तो करारातल्या कलमांत, आणि ती कलमं लोकांना दिसत नाहीत. २०२१ मध्ये काही संशोधकांनी २४ देशांशी झालेले १०० चिनी कर्जकरार मिळवून तपासले, त्यात गुप्ततेची अट, कर्ज देणाऱ्याच्या ताब्यातली खाती, आणि कर्ज पुनर्रचनेच्या सामूहिक बोलण्यांतून आमचं कर्ज बाहेर ठेवा असं बंधन, हे पुन्हा पुन्हा आढळलं. केनियात मोम्बासा ते नैरोबी रेल्वे २०१७ मध्ये सुरू झाली, तिचे करार लोकांनी बघितले थेट २०२२ मध्ये, सरकार बदलल्यावर. वाद झाला तर निवाडा बीजिंगमध्ये, असं त्यात लिहिलेलं निघालं. आणि त्या रेल्वेला माल मिळावा, हप्ते सुटावेत, म्हणून आयातदारांना हुकूम होता की कंटेनर मोम्बासाला सोडवायचा नाही, रेल्वेनं नैरोबीला न्यायचा आणि तिथे सोडवायचा. मोम्बासातले ट्रकवाले, गोदामवाले, क्लिअरिंग एजंट, टपऱ्या चालवणाऱ्या बायका, सगळ्यांचा धंदा बसला. लोक दर आठवड्याला रस्त्यावर उतरायचे. २०२२ मध्ये नवे राष्ट्राध्यक्ष रुटो आले आणि आल्या आल्या त्यांनी तो हुकूम मागे घेतला.

आणखी एक, हे यूट्यूबवाले सांगत नाहीत. तेलावर कर्ज देणारे फक्त चिनी नाहीत. चाड या गरीब देशाला तेलाच्या बदल्यात १ अब्ज डॉलरच्या वर कर्ज दिलं ते ग्लेनकोर या स्वित्झर्लंडच्या व्यापारी कंपनीनं, तेलाचा भाव पडल्यावर चाडची अवस्था अंगोलासारखीच झाली आणि ते कर्ज २०१५, २०१८ आणि २०२२ असं तीनदा नव्यानं बांधावं लागलं. आफ्रिकी सरकारांच्या बाहेरच्या कर्जात चीनचा वाटा ढोबळमानाने आठवा हिस्सा धरतात, रोखेवाले, म्हणजे सरकारी रोखे विकत घेऊन पैसे देणारे गुंतवणूकदार, आणि इतर खासगी सावकार त्याच्या कितीतरी पुढे आहेत. झांबिया नोव्हेंबर २०२० मध्ये ४ कोटी २५ लाख डॉलरचं व्याज भरू शकला नाही आणि दिवाळखोर ठरला तेव्हा रोखेवाले म्हणाले आम्ही थांबतो पण आमचे वाचलेले पैसे चीनला जाणार नाहीत याची खात्री द्या, कारण चीनचं किती देणं आहे हे कुणालाच धड दाखवलं नव्हतं. या अविश्वासात तीन वर्षं गेली. तोवर तिथला शिक्षक, नर्स, शेतकरी यांनी काय करायचं होतं?

प्रश्न: आम्ही उलव्यात राहतो. अटल सेतू जपानच्या कर्जातून झाला, बुलेट ट्रेन पण. मग आपणही अडकणार का?

उत्तर: नाही, तशी भीती वाटत नाही, अटी वेगळ्या आहेत. बुलेट ट्रेनचं जपानी कर्ज ०.१ टक्के व्याजानं, ५० वर्षांत फेडायचं, पहिली १५ वर्षं मुद्दल नाही. केनियाच्या रेल्वेचं निम्मं कर्ज मूळ करारात होतं बाजारभावाच्या व्याजावर ३.६ टक्के चढवून, १५ वर्षांत फेडायचं. आणि भारत एका तेलावर किंवा एका धातूवर उभा नाही, हा मोठा फरक. बाकी जपानही गाड्या आणि तंत्र आपल्याकडूनच घ्या म्हणतो, त्यात लपवण्यासारखं काही नाही.

प्रश्न: मी रोज डोंबिवली ते सीएसएमटी करते, पूर्ण वेळ हातात मोबाइल. त्याच्या बॅटरीतला कोबाल्ट काँगोत लहान मुलं खणतात हे वाचल्यापासून नको वाटतं. आपण काय करू शकतो?

उत्तर: ताई, जगातला साधारण तीन चतुर्थांश कोबाल्ट काँगोतून निघतो आणि त्यातला बराचसा मोठ्या यांत्रिक खाणींतून, जिथे डंपर आणि क्रशर असतात. पण कोल्वेझी या खाणींच्या शहराच्या आसपास हजारो माणसं हातानं खणतात हेही खरं. पहार आणि फावडं घेऊन माणूस अरुंद विहिरीसारख्या भोकात उतरतो, लाकडाचा टेकू नाही, हवा नाही, वरून दोरानं पोती ओढायची. त्या कामात मुलं आहेत हे २०१६ मध्ये ॲम्नेस्टी या मानवी हक्कांच्या संघटनेनं जगापुढे मांडलं. पोतं भरलं की सायकलवर किंवा मोटरसायकलवर टाकून खरेदीच्या डेपोत न्यायचं, तिथे ताडपत्रीखाली बसलेला खरेदीदार हातातलं एक यंत्र मातीला लावतो, आकडा येतो, की यात कोबाल्ट इतके टक्के, आणि त्यावर भाव. हे खरेदीदार बहुतेक चिनी. यंत्र त्याचं, काटा त्याचा, आणि दिवसभर जीव धोक्यात घालून आलेल्या माणसाला तो आकडा तपासायची काहीच सोय नाही. माझ्या मनात सगळ्या राजकारणापेक्षा हे जास्त घर करून बसलंय.

मोठ्या खाणींचं म्हणाल तर बहुतेक चिनी कंपन्यांकडे आहेत, आणि त्यातली एक फार मोठी, तेंके फुंगुरुमे, अमेरिकन कंपनीनंच २०१६ मध्ये २.६५ अब्ज डॉलरला चिनी कंपनीला विकली. तेव्हा वॉशिंग्टननं तो व्यवहार अडवला नाही आणि आता तेच खनिज म्हणजे राष्ट्रीय सुरक्षा असं सांगतात. सिकोमिन्स नावाचा २००८ चा करार तर खाणीच्या बदल्यात रस्ते आणि दवाखाने असा होता, ३ अब्ज डॉलरची कामं कबूल केलेली, २०२३ मध्ये काँगोच्या सरकारी तपासनिसांनी हिशोब मांडला तर प्रत्यक्षात ८२ कोटींच्या आसपास आलेले, तेवढ्यात तांबं मात्र ट्रकच्या ट्रक गेलं. मग काँगो अडून बसला आणि २०२४ मध्ये कामांचा आकडा ७ अब्जांपर्यंत वाढवून घेतला. फेब्रुवारी २०२५ मध्ये त्यांनी कोबाल्टची निर्यातच थांबवली, भाव दुपटीच्या वर गेले, आणि ऑक्टोबरपासून कोटा लावला. मला हे बघून बरं वाटलं, खरंच बरं वाटलं. इतकी वर्षं भाव दुसरेच ठरवत होते.

आपण काय करायचं, तर फोन चालतोय तोवर बदलू नका, आणि जुना फोन कपाटात न ठेवता ई-कचरा घेणाऱ्यांकडे द्या, त्यातला कोबाल्ट परत काढता येतो. आपल्याकडच्या बऱ्याच इलेक्ट्रिक गाड्यांत लोह-फॉस्फेटच्या बॅटऱ्या असतात, त्यांत कोबाल्ट नसतो. गाडी घेताना विचारा.

प्रश्न: न्हावा शेवाला क्लिअरिंगचं काम करतो. ते लोबिटो कॉरिडॉर म्हणजे काय आणि अमेरिकेला त्यात एवढा रस का?

उत्तर: तुम्हाला तर हे मी दोन ओळीत सांगितलं तरी पुरेल. काँगो आणि झांबियाचं तांबं-कोबाल्ट ट्रकनं दक्षिण आफ्रिकेतल्या डर्बनला किंवा टांझानियातल्या दार-ए-सलामला जातं, काँगो-झांबियामधल्या कासुंबालेसाच्या सीमेवर ट्रकच्या रांगा किलोमीटरच्या किलोमीटर, ड्रायव्हर दिवसेंदिवस ट्रकखालीच चूल मांडून असतात, फेरीला आठवडे लागतात. पश्चिमेला अंगोलाच्या लोबिटो बंदरात रेल्वेनं गेलं तर साधारण आठवड्याचं काम. म्हणून अमेरिकेनं त्या मार्गाला ५५ कोटी ३० लाख डॉलरचं कर्ज देऊ केलं आणि डिसेंबर २०२४ मध्ये बायडन स्वतः तिथे गेले, अंगोलात जाणारे पहिले अमेरिकी राष्ट्राध्यक्ष.

गंमत बघा, ही लाइन काही नवी नाही. इंग्रज भांडवलावर, पोर्तुगीज राजवटीत, काँगोतल्या कटांगा भागाचं तांबं समुद्राला न्यायला ती बांधली, १९२९ ला सीमेपर्यंत पोचली. यादवीत उद्ध्वस्त झाली. तिचे १,३४४ किलोमीटर परत बांधले चिन्यांनी, अंगोलाच्या तेलाच्या जिवावर. आणि २०२२ मध्ये ३० वर्षं चालवायचा ठेका मिळाला तो युरोपियन कंपन्यांच्या गटाला, त्यात ट्राफिगुरा म्हणजे तेल-धातूची व्यापारी कंपनी, आणि पोर्तुगालची मोता-एंजिल, जिचा जवळजवळ एक तृतीयांश हिस्सा एका चिनी सरकारी कंपनीकडे आहे. तेव्हा ही अमेरिकेची रेल्वे आणि ती चीनची रेल्वे अशी सरळ वाटणी करायला गेलं तर हाती काही लागत नाही.

चीन गप्प बसलेला नाही. पूर्वेला ताझारा म्हणून १,८६० किलोमीटरची रेल्वे त्यांनीच १९७० ते ७५ मध्ये बांधली होती, बिनव्याजी कर्जावर, कारण झांबियाला गोऱ्यांच्या राजवटीतल्या ऱ्होडेशियातून (आजचं झिंबाब्वे) माल न्यायचा नव्हता आणि पाश्चात्त्य देश पैसे द्यायला तयार नव्हते. त्या रेल्वेबद्दल तिथल्या जुन्या लोकांच्या मनात अजून माया आहे आणि ती समजण्यासारखी आहे. आता तीच सुधारायला चीन १.४ अब्ज डॉलर घालतोय. गिनीत सिमांदूच्या लोखंडासाठी ६०० किलोमीटरच्या वर नवी रेल्वे झाली, नोव्हेंबर २०२५ मध्ये तिथून माल सुटायला लागला. नकाशावर या सगळ्या रेषा ओढून बघा, प्रत्येक रेष खाणीपासून बंदरापर्यंत जाते. एका शहराला दुसऱ्या शहराशी जोडणारी, शेतमाल बाजारात नेणारी रेष शोधावी लागते. धातू शुद्ध करायचा कारखाना खाणीशेजारी का नाही, हा प्रश्न बायडन यांनाही विचारायला हवा होता आणि शी जिनपिंग यांनाही. झिंबाब्वेनं २०२२ मध्ये कच्च्या लिथियमची निर्यात बंद केली ती याच कारणानं.

प्रश्न: माझे मिस्टर माहुलच्या रिफायनरीत होते, ते म्हणायचे आपली भारत पेट्रोलियम मोझांबिकमध्ये आहे. मग या सगळ्यात भारत कुठे?

उत्तर: तुमचे मिस्टर बरोबर सांगायचे. मोझांबिकच्या उत्तरेला समुद्रात जो मोठा गॅस सापडलाय त्यातल्या एका क्षेत्रात भारतीय सरकारी कंपन्यांचा मिळून ३० टक्के वाटा आहे, त्यात भारत पेट्रोलियमचा १०. मार्च २०२१ मध्ये जवळच्या पाल्मा गावावर दहशतवाद्यांचा हल्ला झाला, काम बंद पडलं आणि चार वर्षांच्या वर बंद राहिलं. वाईट याचं वाटतं की बातम्यांत प्रकल्पाचे किती अब्ज अडकले हे आलं, पाल्मातली जी कुटुंबं होड्यांतून पळाली त्यांचं पुढे काय झालं हे फार थोड्यांनी विचारलं.

आपली एक्झिम बँक तर कफ परेडलाच आहे, वर्ल्ड ट्रेड सेंटरमध्ये. तिथून आफ्रिकी देशांना आतापर्यंत १२ अब्ज डॉलरच्या वर स्वस्त कर्ज मंजूर झालंय, वीज, पाणी, साखर कारखाने, रेल्वे डबे अशा कामांना. अट मात्र आपलीही असते, साधारण ७५ टक्के माल आणि सेवा भारतातून घ्यायच्या. झांबियानं भारताला ९,००० चौरस किलोमीटरवर तांबं-कोबाल्ट शोधायला दिलंय. आणि भारतीय खाणकंपनी आली की सगळं ठीक असं समजू नये. झांबियात वेदांताच्या तांब्याच्या खाणीमुळे पाणी-जमीन नासली अशी तक्रार घेऊन चिंगोलाजवळचे सुमारे १,८०० गावकरी लंडनच्या कोर्टात गेले, २०१९ मध्ये तिथल्या सुप्रीम कोर्टानं त्यांना दावा चालवू दिला, २०२१ मध्ये जबाबदारी कबूल न करता तडजोड झाली. आपण तिथे जायला हवं असं माझं ठाम मत आहे, पण करार उघडे ठेवून जावं. आपल्याला तिथे खरी किंमत त्यानंच मिळेल.

प्रश्न: मी लालबागची. मुलगा डिप्लोमा मेकॅनिकल, त्याला लुबुंबाशीजवळच्या एका खाणीत मेंटेनन्सची नोकरी चालून आलीये. काँगोत युद्ध चालू आहे म्हणतात. पाठवू का?

उत्तर: वहिनी, पाठवा किंवा नको हे मी कशी सांगणार, पण माहिती देते. २०२५ मध्ये बंडखोरांनी गोमा आणि बुकावू घेतलं ते देशाच्या पूर्वेला, रवांडाच्या सीमेशी. लुबुंबाशी दक्षिणेला, गोम्यापासून हजार किलोमीटरपेक्षा लांब. तिथे भारतीय वस्ती जुनी आहे, दुकानं आहेत, स्वाहिली आणि फ्रेंच चालतं, थोडं फ्रेंच शिकून गेला तर साइटवर फार उपयोग होईल. ऑफर लेटर कंपनीच्या नावाचं आहे का एजंटच्या, पगार किती इथल्या खात्यात आणि किती तिथे, आजारी पडला तर परत आणायचा खर्च कोणाचा, हे लेखी घ्या. पासपोर्ट कंपनीकडे ठेवून द्यायचा नाही, हे त्याला आत्ताच सांगा. पिवळ्या तापाची लस सरकारमान्य केंद्रातच घ्यायची आणि निघायच्या किमान १० दिवस आधी, नाहीतर कार्ड चालत नाही, आणि येताना ते कार्ड नसेल तर आपल्या विमानतळावर ६ दिवस अडकवून ठेवतात. डॉलर नेताना कोऱ्या, नव्या छपाईच्या नोटा न्या, कडेला जरा जरी फाटलेली असेल तर तिथे कुणी घेत नाही.